सौर ऊर्जेचे व्यवसाय-शिक्षण आणि ‘बंद’ या शब्दाचे तीन अर्थ

दगडी कोळशावर आधारलेल्या वीजनिर्मितीकडून सूर्य व वारा यांच्यावर आधारलेल्या वीजनिर्मितीकडे जाण्याचा प्रश्न हा सामान्यतः अभियांत्रिकी व अर्थशास्त्र या दोन शास्त्रांचा मानला जातो. भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध आलाच, तर तो नवी परिभाषा घडविण्यापुरता, अशी एक समजूत आहे. प्रस्तुत लेखात मांडावयाचा विचार याहून निराळा आहे. नव्या उद्योगाचे शिक्षण कामगारास देताना जी अडचण उत्पन्न होते, ती मुख्यतः अपरिचित शब्दांची नसून अतिपरिचित शब्दांची असते. आणि विजेच्या बाबतीत ही अडचण प्रसंगी जिवावर बेतणारी ठरते.

प्रथम या शिक्षणाकडे येणारा विद्यार्थी कोण, हे पाहिले पाहिजे. आपल्या देशात शिल्पकारागीर प्रशिक्षणाची योजना 1950 साली सुरू झाली, व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी इत्यादी व्यवसायांचे शिक्षण तेव्हापासून मिळत आले. सौर क्षेत्रासाठी 2015 साली ‘सूर्यमित्र’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. सुमारे तीन महिन्यांचा व 600 तासांचा हा निवासी अभ्यासक्रम मुख्यतः अशा संस्थांतून बाहेर पडलेल्यांसाठी योजिला होता. म्हणजे या वर्गात येणारा मनुष्य कोऱ्या पाटीचा नसतो. फेज, न्यूट्रल, अर्थिंग, स्टार्टर, डीपी, फ्यूज उडणे, लाईट जाणे हे सारे त्याच्या बोलण्यात मुरलेले असते. त्याचे हे शब्दधन हीच त्याची व्यावसायिक मिळकत होय. ती किती प्रमाणात नव्या कामात उपयोगी पडते आणि कोठे फसविते, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले. ज्याचा अर्थ अवयवांवरून कळतो तो यौगिक. ज्याचा अर्थ केवळ वापराने ठरतो तो रूढ. आणि ज्यात दोन्ही एकत्र येतात तो योगरूढ. शासकीय परिभाषेचा ओढा यौगिक शब्दांकडे असतो. ‘जीवाश्म’ या शब्दात जीव व अश्म असे दोन्ही अवयव स्पष्ट असल्याने जीवाश्म इंधनाचे मूळ शिकणाऱ्यास आपोआप कळते. ‘नूतनीकरणक्षम ऊर्जा’ या शब्दाने मात्र परवान्याच्या नूतनीकरणाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. ‘पुनर्नवीकरणीय’ या रूपात तर ‘पुनर्’ हा अवयव अनावश्यकच ठरतो. केंद्र शासनाने 1992 साली स्थापिलेल्या मंत्रालयाचे नाव ‘अपारंपरिक’ ऊर्जेचे होते. ते 2006 साली बदलून ‘नवीन व नवीकरणीय’ असे करण्यात आले. नकाराने ओळखली जाणारी वस्तू स्वतःच्या गुणाने ओळखली जाऊ लागली, हा अर्थदृष्ट्या लक्षणीय पालट आहे. तथापि अशा शब्दांच्या निवडीत चूक झाली, तर गैरसोय होईल. अपघात होणार नाही. अपघाताचे मूळ रूढ शब्दांत असते.

‘बंद’ हा शब्द घ्या. कामगाराच्या भाषेत ‘चालू’ आणि ‘बंद’ ही विरोधी जोडी आहे. खटका बंद केला म्हणजे प्रवाह थांबला, तार निर्जीव झाली, हात लावण्यास हरकत नाही, असा त्याचा अर्थ. शालेय पदार्थविज्ञानात मात्र ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो तो, आणि ‘खुला परिपथ’ म्हणजे ज्यातून वाहत नाही तो. शब्द एक, परंतु अर्थ परस्परविरुद्ध. पहिल्या जोडीत ‘बंद’चा प्रतियोगी ‘चालू’ आहे, दुसऱ्या जोडीत ‘खुला’ आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी पदावरून निश्चित होतो, या सिद्धांताचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. विद्यार्थी ही विसंगती कशीबशी सांभाळतो, कारण एक अर्थ वर्गाचा व दुसरा कामाचा, अशी त्याने मनाशी वाटणी केलेली असते.

सौर संचापाशी या शब्दाला तिसरा अर्थ प्राप्त होतो, व तेथे ही वाटणी अपुरी पडते. कामगार जिला ‘प्लेट’ म्हणतो, तिच्यावर प्रकाश पडत आहे तोवर तिच्या दोन टोकांत विद्युत्-दाब असतोच. तो कोणत्याही खटक्याने नाहीसा होत नाही. एका प्लेटचा दाब सुमारे 40 ते 50 व्होल्ट असतो. अशा 20 प्लेटा एकापुढे एक जोडल्या, की तो 800 ते 1000 व्होल्टपर्यंत जातो. घरगुती वीज 230 व्होल्टची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळेल. शिवाय खटका ‘बंद’ केल्यावर, म्हणजे शास्त्रीय भाषेत परिपथ ‘खुला’ झाल्यावर, प्लेटांच्या बाजूचा दाब कमी न होता काहीसा वाढतो. खटक्याच्या पलीकडची तार निर्जीव होते. अलीकडची सजीवच राहते. येथे ‘बंद’ म्हणजे केवळ ‘प्रवाह थांबला’. ‘धोका संपला’ असे नव्हे.

दुसरा भेद प्रवाहाच्या स्वरूपाचा आहे. आपल्याकडील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास 50 आवर्तने करतो, म्हणून तो सेकंदास 100 वेळा शून्यावर येतो. तार सुटताना ठिणगी पडली, तरी ती या शून्यक्षणी विझण्याचा संभव असतो. प्लेटेतून येणारा प्रवाह एकदिश असल्याने त्याला असा शून्यक्षण नाही. भार चालू असताना जोड ओढून काढला, तर ठिणगीची अखंड ज्वाळा होऊन हात भाजतो व आग लागते. ‘फ्यूज उडेल’ हा विश्वासही येथे पुरत नाही; कारण प्लेटांच्या एका ओळीची दोन टोके एकमेकांस भिडली, तरी प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा काही टक्क्यांनीच वाढतो, व तेवढ्याने फ्यूज वितळेलच असे नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर थांबवावयाचा, मग एकदिश प्रवाहाचा खटका उघडावयाचा, मापकाने प्रवाह शून्य झाल्याची खात्री करावयाची, आणि नंतरच जोडास हात लावावयाचा, असा क्रम घालून दिलेला आहे. हा क्रम पाठ करून येत नाही. ‘बंद’ या शब्दाचा जुना अर्थ मनातून हलल्यावाचून त्याचे कारणच समजत नाही.

दुसरा शब्द ‘ऊन’. हा संस्कृत ‘उष्ण’ या शब्दापासून आला, आणि ‘ऊन ऊन भात’ या प्रयोगात त्याचा मूळ अर्थ आजही जिवंत आहे. मराठीत सूर्याचा प्रकाश व सूर्याची उष्णता या दोहोंस मिळून हा एकच शब्द आहे. त्यामुळे ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असे मराठी भाषिकास सहज वाटते. वस्तुतः प्लेटेला प्रकाश हवा असतो. उष्णता तिला बाधक होते. प्लेटेची नोंदलेली क्षमता 25 अंश सेल्सिअस तपमानाची असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे ती 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी प्लेटेचे तपमान 65 अंशांवर गेले, तर उत्पादनात 12 ते 16 टक्के तूट येते. ही तूट म्हणजे बिघाड नव्हे, हे शेतकऱ्यास त्याच्या भाषेत सांगता येणे हा दुरुस्ती करणाऱ्याच्या कौशल्याचाच भाग समजला पाहिजे.

तिसरा शब्द ‘क्षमता’. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, असे म्हणताना कोळसा व पाणी मिळत असेतो तेवढी वीज मागता येईल, असा अर्थ अभिप्रेत असतो. सौर संचाची क्षमता ही विशिष्ट प्रकाशात व विशिष्ट तपमानात मोजलेली मर्यादा होय. एक किलोवॅटचा संच दिवसाला 24 युनिट देत नाही. महाराष्ट्रात तो वर्षाच्या सरासरीने चार युनिटांच्या आसपास देतो. 2025 च्या जुलैमध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग जीवाश्मेतर साधनांचा झाल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. प्रत्यक्ष निर्मितीत मात्र कोळशाचा वाटा तेव्हाही निम्म्याहून पुष्कळ अधिक होता. ही दोन विधाने परस्परविरुद्ध नाहीत. परंतु ‘क्षमता’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे केल्यावाचून ती तशी भासतात.

येथवर शब्दांविषयी झाले. आता ते वापरणाऱ्या माणसांविषयी. 2015 च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारवर्गाच्या न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे. ‘संक्रमण’ म्हणजे मुळात एका स्थानातून दुसऱ्या स्थानात जाणे, जसे सूर्याचे मकरसंक्रमण. सूर्य राशी बदलतो, पण सूर्यच राहतो. कामगाराच्या बाबतीत तसे होईल काय? रोहित्र, स्विचयार्ड, संरक्षक यंत्रणा यांवर काम करणाऱ्या वीजतंत्र्याचे बहुतेक ज्ञान नव्या क्षेत्रात त्याच्याबरोबर जाते. बॉयलर किंवा कोळसा-हाताळणी या विभागातील माणसाचे फारच थोडे जाते. शिवाय खाणी व औष्णिक केंद्रे एका जागी असतात. उलट ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने’च्या 2023 मधील दुसऱ्या टप्प्यात अर्धा ते 25 मेगावॅटचे संच उपकेंद्रांपासून पाचदहा किलोमीटरांच्या आत, गावोगाव विखुरलेले आहेत. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या भागांतील पंचेचाळिशीच्या कामगारास नव्या वर्गात बसविताना त्याला ‘अकुशल’ या सदरात टाकणे, हा अन्याय तर आहेच. अध्यापनाच्या दृष्टीने ती चूकही आहे. त्याला जे येते, तेथूनच आरंभ करावयास हवा.

यावरून अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, पारिभाषिक शब्दांच्या याद्यांपूर्वी प्रत्येक व्यवसायातील रूढ शब्दांचा संग्रह प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन करावा. हे काम भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज करता येण्याजोगे आहे. दुसरी, ज्या शब्दांचे अर्थ नव्या क्षेत्रात पालटतात, त्यांचे पाठ वेगळे काढून ते प्रात्यक्षिकासह शिकवावेत. खटका उघडल्यानंतरही मापकाचा काटा 800 वर स्थिर राहतो, हे शिकणाऱ्याने सुरक्षित अंतरावरून स्वतः पाहिले, की ‘बंद’चा नवा अर्थ त्याच्या मनात पक्का बसतो. तिसरी, परीक्षेत व्याख्या न विचारता, ‘आता हात लावता येईल काय, आणि का?’ असा प्रश्न विचारावा व त्याचे उत्तर उमेदवाराच्या स्वतःच्या बोलीत स्वीकारावे. या प्रश्नाचे उत्तर देताना तो ‘परिपथ’ म्हणतो की ‘सर्किट’, ‘विद्युत्-दाब’ म्हणतो की ‘व्होल्टेज’, हे गौण आहे. उत्तर चुकले, तर मात्र त्याची किंमत गुणांत मोजली जाणार नाही.