ऐकून घ्यायलाही शिकावं लागतं

बी.ए.चे निकाल लागले की माझ्याकडे पालकांचे फोन सुरू होतात. मुलगी मानसशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी पास झालेली असते, तिला पुढे एम.ए. करायचं असतं आणि आई-वडिलांना एकच विचारायचं असतं, "मॅडम, हे करून पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. रत्नागिरीतून मुलीला दोन वर्षं मुंबई-पुण्याला ठेवायचं म्हणजे हॉस्टेल, खानावळ, फी, येण्याजाण्याची तिकिटं. ज्यांचं घर आंब्यावर किंवा मासळीवर चालतं त्यांना हा खर्च डोळे मिटून करता येत नाही. मी या गावात समुपदेशक म्हणून काम करते. त्याआधी हीच वाट चालून आले आहे, म्हणून मोघम उत्तर देणं मला पटत नाही.

माझं उत्तर असं. या विषयात काम आहे, भरपूर आहे, पण ते पदवीच्या कागदावर मिळत नाही. विद्यार्थी माणसांबरोबर जे काम करतो, ते कुणीतरी जाणकार बारकाईने तपासतो की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. अभ्यासक्रम निवडताना कॉलेजचं नाव नंतर बघा, आधी हे बघा.

उपयोजित मानसशास्त्र म्हणजे मनाविषयी संशोधनातून जे हाती आलं ते शाळेत, दवाखान्यात, कारखान्यात, कोर्टात, खेळाच्या मैदानावर वापरणं. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबई विद्यापीठाचा विभाग १९५९चा. कलिना संकुलातल्या या विभागाच्या नावातच 'उपयोजित मानसशास्त्र' आहे आणि जोडीला समुपदेशन केंद्र आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि एसएनडीटी विद्यापीठ इथेही या विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

या दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात? बऱ्याच मुलींची कल्पना असते की माणसांशी गोड बोलायचं, धीर द्यायचा, फ्रॉइड वाचायचा. प्रत्यक्षात पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र समोर येतं. गणित नको म्हणून कला शाखेला आलेल्यांना घाम फुटतो. पण त्याला पर्याय नाही, आणि तो का नाही हे रत्नागिरीच्याच उदाहरणावरून सांगते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे साठ टक्क्यांचा मुलगा स्वतःला नापास समजतो. त्याला परीक्षेची भीती 'जास्त' वाटते, असं त्याचे शिक्षक सांगतात. जास्त म्हणजे कुणापेक्षा? त्याच्या वर्गापेक्षा, जिल्ह्यातल्या त्याच्या वयाच्या मुलांपेक्षा, की चाचणी ज्या परदेशी मुलांवर तयार झाली त्यांच्यापेक्षा? तुलना कुणाशी करायची हे ठरवल्याशिवाय चाचणीतल्या गुणांना अर्थ नसतो.

डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. फ्रान्समध्ये १९०५ साली तयार झालेली बिने यांची बुद्धिमापन चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाही, म्हणून त्यांनी १९३०च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांवर तपासून नव्याने बसवली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. एम.ए.च्या विद्यार्थिनीला मी हे मुद्दाम सांगते, कारण शास्त्र आपल्या माणसांपर्यंत आणण्याचं काम मराठी मुलांबरोबरही तेव्हाच सुरू झालं होतं आणि अजून पुष्कळ शिल्लक आहे.

प्रात्यक्षिकाचा एक तास जवळून पाहू. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५०च्या दशकात कृतीवर आधारित बुद्धिमापन संच तयार केला. अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी, लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही देता येईल असा. त्यातल्या एका भागात रंगीत लाकडी ठोकळे असतात. कार्डावर नक्षी दाखवायची आणि मुलाने ठोकळे जुळवून तशीच नक्षी करायची. अशी दहा कार्डं. पहिल्या पाचांना प्रत्येकी दोन मिनिटं, पुढच्या पाचांना तीन. घड्याळ विद्यार्थिनीच्या हातात. वरवर खेळच वाटतो. पण मुलगा अडला की तिचा हात आपोआप ठोकळ्याकडे जातो. तो आवरायचा. नक्षी जमली की तोंडावर 'शाबास' येतं. तेही गिळायचं, कारण पुढच्या कार्डाला ते नाही मिळालं तर मुलाला वाटतं आपलं चुकलं. आणि एवढं करताना वहीत नोंद चालू हवी. मुलाने आधी कार्ड नीट पाहिलं की थेट ठोकळे फिरवायला घेतले? चुकलं तर मोडून पुन्हा केलं की तसंच सोडलं? वेळ संपायच्या आधीच "नाही येत" म्हणाला का? गुणांइतकीच ही निरीक्षणं मोलाची. अकराव्या वर्षी "नाही येत" म्हणायची घाई कुठून आली, याचा शोध तिथून सुरू होतो.

समुपदेशनाचं शिक्षण याहून कठीण. सुरुवातीला विद्यार्थी एकमेकांवर सराव करतात. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली खऱ्या व्यक्तींना भेटतात. भेट झाली की वहीत तीन रकाने आखायचे: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, मी तसं का म्हणाले. तिसरा रकाना भरताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. समजा, एक बाई म्हणते, "सासूबाई गेल्यापासून घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही." त्यावर विद्यार्थिनी म्हणते, "होईल हळूहळू सगळं ठीक." शिक्षक वही बघतात आणि विचारतात, "हे तिच्यासाठी म्हणालीस की तुला ते ऐकवेना म्हणून?" असे प्रश्न आठवड्यामागून आठवडे ऐकत राहिलं की आपली सवय बदलते. समोरच्याला बोलू द्यायचं, मधे येणारी शांतता भरून काढायची नाही, सल्ला द्यायची उबळ आवरायची. पुस्तक वाचून हे येत नाही. तबल्याचा हात गुरूच्या समोर बसूनच सुधारतो, तसंच हे आहे.

एम.ए.त साधारणपणे तीन मोठ्या वाटा असतात. एक चिकित्सालयीन, म्हणजे आजाराशी संबंधित. दुसरी समुपदेशनाची: शाळा, कुटुंब, आयुष्यातली वळणं. तिसरी औद्योगिक: कामगारांची निवड, प्रशिक्षण, सुरक्षितता, कामाचा ताण. आपल्या जिल्ह्यात या तिन्ही वाटांना काम आहे. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत रात्रपाळीला माणूस कधी आणि का चुकतो, हा औद्योगिक मानसशास्त्राचा प्रश्न आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर खलाशी हंगामभर बोटीवर असतो आणि जून-जुलैत मासेमारी बंद झाली की त्याचा दिनक्रमच उलटतो. तेव्हा घरात होणाऱ्या कुरबुरी समुपदेशकाकडे यायला हव्यात. आंब्याच्या बागेत नेपाळहून आलेला राखणदार महिनोन्महिने एकटा राहतो, त्याची झोप उडाली तर त्याने कुणाकडे जायचं? आणि वाड्यांमधून, मुलं मुंबईला, म्हातारा-म्हातारी गावात, अशी घरं किती आहेत ते कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

चिकित्सालयीन वाटेसाठी तर रत्नागिरीचं नाव फार जुनं आहे. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. त्यांपैकी आपलं सर्वांत लहान, ३६५ खाटांचं. कोकणात कुणी थोडं वेगळं वागलं की "रत्नागिरीला पाठवा" असं सर्रास म्हणतात. या बोलण्यामुळे किती माणसं वेळेवर उपचाराला आली नाहीत, हा विचार माझ्या मनाला टोचत राहतो. या शास्त्राच्या विद्यार्थ्याने अशा रुग्णालयात काही काळ काम करावंच, असं माझं ठाम मत आहे. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळून एका रुग्णाचा विचार कसा करतात ते तिथे दिसतं. औषध कुठे लागतं, बोलणं कुठे लागतं आणि घरच्यांना समजावणं कुठे लागतं, याचा अंदाज येतो. आधी भगताकडे जाऊन आलेलं, कौल लावून आलेलं कुटुंब समोर बसतं तेव्हा त्याला हिणवायचं नाही. त्याने मदत शोधायचा प्रयत्न केला, हे आधी मान्य करायचं आणि मग उपचाराकडे वळवायचं. तरच ते दुसऱ्यांदा येतं.

आता कायद्याचं बघू, कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. नुसत्या एम.ए.वर कुणी 'चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ' होत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ती व्याख्या केली आहे. मानसशास्त्र, चिकित्सालयीन किंवा उपयोजित मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. एम.फिल. ही पदवी आता बंद होत आहे. या विषयाला २०२५-२६ पर्यंत सवलत मिळाली आणि त्याच्या जागी आरसीआयमान्य नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची आरसीआयची यादी स्वतः पाहा. इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्याखाली येतात. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्रासह असे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. घरबसल्या पदवी मिळवायची सोय गेली म्हणून काही पालक नाराज झाले. मला तो निर्णय योग्य वाटतो. ठोकळ्यांकडे जाणारा हात आणि वहीतला तिसरा रकाना दुरून कोण तपासणार?

लहान गावात काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे गुप्तता. मुंबईत समुपदेशकाकडे कोण गेलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. इथे दाराबाहेर कुणाची स्कूटर उभी आहे यावरून गावभर होतं. म्हणून वेळा अशा द्यायच्या की दोन कुटुंबं समोरासमोर येऊ नयेत. बाजारात माझ्याकडे येणारी व्यक्ती भेटली तर मी आपण होऊन ओळख दाखवत नाही. तिने दाखवली तर हसते. नोंदी कुलपात. मात्र गुप्ततेलाही मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगायच्या. जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवावं लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे नियम परीक्षेपुरते पाठ करून भागत नाही, अंगवळणी पडावे लागतात.

नोकरीचं खरं चित्रही सांगायला हवं. शिकून आल्या आल्या एकच पूर्ण पगाराची जागा बहुतेकांना मिळत नाही. दोन दिवस शाळा, एक दिवस डॉक्टरांचा दवाखाना, कधी एखाद्या संस्थेचा प्रकल्प, असं जुळवत सुरुवात होते. त्यात संयम लागतो आणि घरचा आधारही. पण गरज मोठी आहे. 'निमहान्स' या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचं आढळलं, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. तिचा उपयोग जरूर करा. पण त्या फोननंतर त्या माणसाला आठवड्यामागून आठवडे भेटणारं कुणीतरी तालुक्याच्या गावात हवं.

तेव्हा पालकांनो, कॉलेजात फोन लावा आणि चार गोष्टी विचारा. दोन वर्षांत प्रत्यक्ष कामाचे तास किती? ते काम कोण तपासतं आणि किती वेळा? रुग्णालय, शाळा, कारखाना यांपैकी कुठे पाठवता? चाचण्यांचे संच विद्यार्थ्यांच्या हातात देता की कपाटात ठेवता? उत्तरं नेमकी मिळाली तर खर्च करा, मुलीला पाठवा. उडवाउडवीची मिळाली तर दुसरं कॉलेज बघा, एक वर्ष थांबावं लागलं तरी चालेल. जिल्ह्यात काम पडून आहे आणि ते अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती देता येत नाही. दुसऱ्याचं दुःख हाताळायची परवानगी मागणाऱ्याने आपलं काम तपासून घ्यायची तयारी आधी दाखवायला हवी.