मक्त्याने दिलेला मुलूख

राज्य एकाचे, थोड्यांचे की पुष्कळांचे, अशी शासनाची वर्गवारी ॲरिस्टॉटलने केली आणि लगेच दुसरा प्रश्न घातला: ते कोणाच्या भल्यासाठी चालते? वऱ्हाडाचा 1853 ते 1960 हा काळ पाहिला की तिसरा प्रश्नही घालावासा वाटतो: ज्यांच्यावर राज्य करायचे, त्यांना कोणी विचारले का?

21 मे 1853 च्या तहाने हैदराबादच्या निजामाने त्याच्या राज्यात इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने तोच कायमचा मक्त्याने घेतला, वर्षाला 25 लाख रुपयांवर. एखादे वावर द्यावे तसा सारा मुलूख! 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला, तेव्हाही अकोला-अमरावतीच्या कास्तकाराला कोणी विचारले नाही. मालकी निजामाची, अंमल इंग्रजांचा. म्हणून 1919 च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून प्रांताच्या कौन्सिलवर निवडून गेलेल्यांनाही सरकारला पुन्हा नेमावे लागे. कायद्याने हा ब्रिटिश मुलूखच नव्हता! आणि मत होते ते जमीनजुमला असणाऱ्यांना, सारा भरणाऱ्यांना. सोलोनने अथेन्समध्ये शेतीच्या उत्पन्नावरून नागरिकांच्या चार श्रेणी पाडल्या होत्या. अडीच हजार वर्षांनी वऱ्हाडात तोच हिशेब चालू होता.

ॲरिस्टॉटलच्या नागरिकांत गुलाम नव्हते, स्त्रियाही नव्हत्या. आपल्याकडे तर अस्पृश्यांना देवळाचे दारही बंद होते. 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठीच्या परिषदेला आले, पंजाबराव देशमुख त्या लढ्यात उतरले. माझ्या मते वऱ्हाडातल्या लोकशाहीचा आरंभ कुठल्याही कौन्सिलपेक्षा इथे झाला. पुढे हे दोघेही संविधान सभेत बसले.

त्याच सुमारास निजाम वऱ्हाड परत मागत होता. 1926 मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने ती मागणी साफ फेटाळली. 1936 मध्ये मात्र निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.

1951-52 च्या निवडणुकीत भूमिहीन मजुराने आणि त्याच्या बायकोनेही मत दिले. ही खरी क्रांती. पण त्याआधी ऑगस्ट 1947 मध्ये संयुक्त महाराष्ट्राबाबत झालेला अकोला करार पुढाऱ्यांच्या सह्यांचा होता, 1953 चा नागपूर करारही तसाच. 1956 मध्ये वऱ्हाडासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. त्यातून लाभही झाला, तक्रारीही उरल्या. पण यांपैकी एकाही निर्णयासाठी वऱ्हाडात सार्वमत घेतले गेले नाही.