ईमचे संग्रहालय : एका गावाने जपलेली साथीची आठवण

आपल्या रुग्णाला भेटता येणार नाही असे सांगितले की नातेवाइकांचे मन दुखावते, आणि ते स्वाभाविकही आहे. संसर्गजन्य आजारात विलगीकरण का करावे लागते व त्याची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील डार्बीशायर परगण्यातील ईम या खेड्याचा इतिहास उद्बोधक आहे.

सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून या गावच्या शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले. त्यातून प्लेग आला, असे परंपरा सांगते. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स हा पहिला बळी ठरला. पुढील उन्हाळ्यात साथ बळावली, तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन व त्यांचे पूर्वसुरी टॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून ग्रामस्थांनी तीन गोष्टी मान्य केल्या : ज्याने त्याने आपले मृत स्वतः पुरावे, प्रार्थना उघड्यावर व्हावी, आणि कोणीही गावाची सीमा ओलांडू नये. बाहेरचे लोक सीमेवर अन्नधान्य ठेवून जात. त्याचे पैसे दगडातील व्हिनेगर भरलेल्या खळग्यांत ठेवले जात. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉक हिने आठ दिवसांत पती व सहा मुलांना मूठमाती दिली. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली, तोवर सुमारे २६० जण दगावले होते. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन याही त्यांत होत्या.

क्लॅरेन्स डॅनियल या स्थानिक इतिहाससंशोधकाने आयुष्यभर जमविलेल्या संग्रहातून १९९४ साली, एका जुन्या मेथॉडिस्ट प्रार्थनागृहात, ईमचे संग्रहालय उभे राहिले. ते स्वयंसेवक चालवितात. वाऱ्याची दिशा दाखविणाऱ्या तेथील यंत्रावर उंदराची आकृती आहे.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला. उंदरावरील पिसवांचा त्यातील वाटा त्यानंतर उलगडला. म्हणजे ईमच्या सीमाबंदीने बाहेरच्यांचे रक्षण केले असेल. आत राहिलेल्यांना मात्र उपचार नव्हता. आज वेळेवर प्रतिजैविके मिळाल्यास प्लेग बरा होतो.

पुण्यात १८९७ साली सक्तीच्या घरझडत्यांनी लोकांत भय व संताप पसरला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकांनी विश्वासाने स्वीकारलेला निर्बंध आणि त्यांच्यावर लादलेला निर्बंध यांतील अंतर या दोन गावांच्या अनुभवांतून स्पष्ट होते.

विलगीकरण म्हणजे रुग्णाला दूर लोटणे नव्हे. आत राहणाऱ्याने इतरांसाठी त्याग करावयाचा असेल, तर त्याला औषध, अन्न व धीर पोहोचविणे हे बाहेरच्यांचे कर्तव्य ठरते. सीमेवर कोणीतरी धान्य ठेवीत होते, म्हणूनच ईमची माणसे आपला शब्द पाळू शकली. आमच्या देणगीदारांचे स्थानही तेथेच, त्या दगडापाशी आहे.