आधी तिला विचारा!

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या शाळेच्या व्हरांड्याला पायऱ्या किती? आठवेना ना? दिवसातून दहादा चढता-उतरता, पण कधी मोजल्याच नाहीत. बरोबरच आहे. पायऱ्या तुम्हाला अडवत नाहीत. ज्याला अडवतात, त्याला मात्र त्या पक्क्या पाठ असतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला त्या पाठ होत्या. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात शिकवते. काळ्या मातीचा, कापसा-सोयाबीनचा हा भाग. ही मुलगी चौथीत होती आणि चाकाच्या खुर्चीवरून शाळेत यायची. अभ्यासात हुशार आणि बोलण्यात त्याहून हुशार! तिच्यासाठी शाळेत पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार बांधला, म्हणजे रॅम्प. आम्हा सगळ्यांना केवढा आनंद! नारळ फोडला, टाळ्या वाजवल्या. तिनं चाकं फिरवायला सुरुवात केली, अर्ध्यावर गेली आणि खुर्ची मागं घसरू लागली. दोन मुलांनी धावत जाऊन धरली म्हणून बरं, नाहीतर पडलीच असती.

"बाई, हा लय उभा झाला," ती म्हणाली. "बांधायच्या आधी मले काहून नाही इचारलं?"

खरंच की! उंची मोजली, सिमेंट आणलं, मिस्त्री बोलावला. सगळ्यांना विचारलं, फक्त जिच्यासाठी हा खटाटोप केला तिलाच विचारायचं राहिलं.

उताराचं गणित

त्या दिवशी आम्ही वर्गात गणिताचा तास बाहेर घेतला. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायचा तर साधा नियम आहे: उंची जर १ फूट असेल, तर उताराची लांबी निदान १२ फूट हवी. आमच्या पायऱ्या तीन, प्रत्येक अर्ध्या फुटाची. म्हणजे उंची दीड फूट. मग उतार किती लांब हवा? करा बघू हिशेब! बरोबर, १८ फूट. आणि आमचा उतार होता जेमतेम ५ फूट. तो उतार कसला, घसरगुंडीच ती!

मग मी तिला विचारलं, "आणखी काय काय अडतं गं तुला?" वाटलं होतं, एखाद-दुसरी गोष्ट सांगेल. तिनं तर यादीच वाचली. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी इतकी वर, की हात पोचत नाही. पाण्याच्या नळापुढं ओटा आहे, त्यामुळं खुर्ची जवळ जात नाही. पावसाळ्यात फाटकापासून व्हरांड्यापर्यंत काळा चिखल, चाकं रुततात. शेवटी ती हळूच म्हणाली, "बाई, कोणी बी येऊन मले उचलते. मले भेव वाटते. उचलायच्या आधी सांगत तरी जा."

हे ऐकून मी गप्पच झाले. कारण तिला न विचारता उचलणाऱ्यांत मीही होते. आणखी एक कबूल करते. खेळाच्या तासाला मी तिला सावलीत बसवून मुलांची दप्तरं राखायला सांगायची. तिला त्रास होऊ नये म्हणून! तिला खेळायचं आहे का, हे दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लगोरी." रोज चाकं फिरवून तिचे हात चांगले बळकट झाले होते. नेम तर असा, की पहिल्याच चेंडूत लगोरी पडली! फुटलेली लगोरी रचायला तिचा जोडीदार धावायचा. हा नियम मुलांनीच ठरवला, तिच्याशी बोलून.

पंधरा वर्षांचा लुई

आपल्याला वाटतं, मोठ्यांना सगळं कळतं. पण पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका. लुई ब्रेल हा फ्रान्समधला मुलगा १८०९ साली जन्मला. वडील घोड्यांचे चामडी साज बनवायचे. तीन वर्षांचा असताना खेळता खेळता आरी लुईच्या डोळ्यात घुसली आणि पुढं दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथली पुस्तकं जाडजूड. त्यांत आपल्या नेहमीच्या छापील अक्षरांसारखीच अक्षरं उठावदार केलेली असत. ही कल्पना कोणाची? डोळस माणसांची. डोळ्यांना सोपं ते बोटांनाही सोपं, असं त्यांना वाटलं. पण बोटांनी ती वाचायला फार वेळ लागे, आणि मुलांना स्वतः लिहिता तर येतच नसे.

१८२१ साली त्या शाळेत चार्ल्स बार्बिए या गृहस्थांची ठिपक्यांची लिपी आली. कल्पना छान होती. पण एकेका खुणेला बारापर्यंत ठिपके! बोटाच्या एका टोकाखाली ते मावत नसत. शिवाय त्यात शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत. हे दोष कोणाला कळले? रोज बोटांनी वाचणाऱ्या लुईला. त्यानं बाराचे सहा ठिपके केले. १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याची लिपी तयार झाली. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात!

पुढं काही काळ त्या शाळेत या लिपीवर बंदी आली. पण मुलं ती लपूनछपून वापरतच राहिली. शेवटी शाळेला ती मान्य करावी लागली. आज आपल्याकडे मराठीसह भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल आहे. ती १९५१ साली ठरली, आणि तिचा पाया लुईचे सहा ठिपकेच.

आपल्या कोल्हापुरात

पॅरिस फार लांब वाटलं? मग कोल्हापूरला चला. नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० सालचा. सोळा वर्षांच्या असताना त्यांचे पाय लुळे पडले. पार खचून गेल्या. तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीवर, तरी स्वतः गाडी चालवणारे! चालत्या-फिरत्या माणसांच्या हजार उपदेशांनी जे झालं नाही, ते या एका भेटीनं झालं. नसीमाताई शिकल्या, सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी 'घरौंदा' वसतिगृह निघालं, शाळा निघाली. उंबरा कुठं अडतो, दार किती रुंद हवं, हे तिथं पुस्तकात शोधावं लागलं नाही. चालवणारीच खुर्चीवर होती ना! त्यांच्या आत्मचरित्राचं नावही 'चाकाची खुर्ची' असंच आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्याच्या चौथ्या कलमात मुलांसाठी फार मोलाची गोष्ट आहे. अपंग मुलांना त्यांच्याशी संबंधित सगळ्या बाबतींत आपलं मत मोकळेपणानं मांडण्याचा, इतर मुलांइतकाच हक्क आहे. त्यासाठी त्यांचं वय आणि अडचण पाहून योग्य ती मदतही द्यायची आहे. म्हणजे तिला विचारणं हे आपले उपकार नव्हेत, तो तिचा हक्क आहे.

पालकांनाही दोन शब्द. डॉक्टर मुलाला प्रश्न विचारतात आणि उत्तर आपण देतो. खुर्चीचं, कुबड्यांचं माप घेताना आपणच 'चालेल' म्हणतो. पुढच्या वेळी जरा थांबा. त्याला बसून, फिरवून पाहू द्या. बोलता येत नसेल तर बोट दाखवू द्या, खुणेनं सांगू द्या. वेळ लागेल, लागू द्या.

आमच्या उताराचं काय झालं?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तिला बोलावलं. आधी घाबरली, मग घडाघडा बोलली. उतार भिंतीच्या कडेकडेनं लांबवला, मध्ये टेकायला सपाट जागा ठेवली. बांधताना ती मिस्त्रीकाकांच्या शेजारीच होती! कडी खाली आणायला तर फक्त चार स्क्रू लागले. फाटकाजवळचा चिखल मात्र अजून आहे. मुरूम टाकायचं ठरलंय, पण पडलेला नाही. दर पावसात ती आठवण करून द्यायची. ती सहावीत दुसऱ्या शाळेत गेली, आता आठवण करून द्यायचं काम माझं.

आता तुमची पाळी. तुमच्या वर्गात, गल्लीत असा एखादा मित्र, अशी एखादी मैत्रीण असेलच. तिला चार गोष्टी विचारा:

१. तुला कुठं अडतं?
२. मदत हवी का? हवी तर कशी?
३. कोणता खेळ खेळायला आवडेल?
४. आम्ही करतो त्यातलं काय तुला आवडत नाही?

उत्तर आवडलं नाही तरी शेवटपर्यंत ऐका. आणि हो, उद्या शाळेत गेल्यावर पायऱ्या मोजा. उंची मोजा, बाराने गुणा. तुमच्या शाळेचा उतार बरोबर आहे का, ते तुम्हीच सांगाल!