पातळ लॅपटॉपवर गेम किती चालतो? आधी नीट मोजू

फेलोशिपच्या पैशातून हलका लॅपटॉप घ्यायचाय, अधूनमधून गेमही खेळायचाय? मग दुकानातल्या पहिल्या मिनिटावर जाऊ नका.

इंटेलची आय5-1235यू ही चिप बघा. तिची मूळ वीजमर्यादा 15 वॅट, पण थोडा वेळ ती 55 वॅटपर्यंत जाऊ शकते. म्हणून गेम सुरुवातीला सुसाट पळतो. पातळ बॉडीतून उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही, मग चिप वेग कमी करते आणि फ्रेम घसरतात. मे महिन्यात डिंगोऱ्यात पत्र्याच्या खोलीत बसलात तर हे आणखी लवकर होणार, कारण पंखा आत ओढतो ती हवाच गरम.

दुसरा मुद्दा रॅमचा. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते प्रोसेसरच्याच रॅममध्ये वाटेकरी असतं. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी डेटा देते, दोन लावल्या की 51.2. त्यामुळे गेमसाठी 16 च्या एका स्टिकपेक्षा 8-8 च्या दोन बऱ्या. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर नंतर बदलता येत नाही, आधीच विचारा.

आता चाचणी. गेम 20 मिनिटं चालवा, पहिली 10 सोडून द्या, उरलेल्याची सरासरी काढा. असं तीनदा करा, खोलीचं तापमानही लिहा. मग फक्त रिझोल्यूशन 1080पी वरून 720पी करा. पिक्सेल 20.7 लाखांवरून 9.2 लाखांवर येतात. फ्रेम बऱ्याच वाढल्या तर अडत होतं ग्राफिक्सपाशी, जवळपास तेवढ्याच राहिल्या तर बहुधा प्रोसेसरपाशी.

पहिल्या मिनिटाचा आकडा खोटा नसतो. पण तुम्ही तासभर खेळणार असाल, तर तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसतो. संशोधनात रीडिंग घेतानाही हेच लक्षात ठेवा.