चिमूटभर अशुद्धी आणि कडाक्याची थंडी

मागच्या व्याख्यानात आपण पेल्तिए परिणाम पाहिला. दोन वेगळ्या वाहकांच्या जोडांतून वीज सोडली की एक जोड गार होतो, दुसरा तापतो. ही गोष्ट १८३४ सालची. गाडीत ठेवायच्या, कंप्रेसर नसलेल्या छोट्या फ्रिजमध्ये हेच चालतं. मग हाच फ्रिज उणे शंभर अंशांपर्यंत का नेता येत नाही? अवरक्त कॅमेऱ्यांना तशी थंडी हवी असते, तीही कंप न होता.

अडचण पदार्थाची आहे. त्याने तापमानाच्या फरकातून भरपूर व्होल्टेज द्यायला हवा, वीज सहज वाहू द्यायला हवी, पण उष्णता अडवायला हवी. या तिन्हींचा मिळून एक आकडा काढतात, झेडटी. नेहमीच्या बिस्मथ टेल्युराइडचा झेडटी खोलीच्या तापमानाला एकच्या आसपास असतो. थंडीत तो घसरतो, कारण सूत्रात तापमानच गुणलेलं आहे.

इथे डोपिंग येतं, म्हणजे मुद्दाम घातलेली अशुद्धी. परके अणू विद्युतवाहक पुरवतात. पण हे आमटीतल्या मिठासारखं आहे. कमी पडलं तर वीज नीट वाहत नाही. जास्त झालं तर व्होल्टेज पडतो, शिवाय वाहक स्वतःच उष्णता नेतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये योग्य प्रमाण म्हणजे घन सेंटिमीटरला साधारण एकावर एकोणीस शून्यं इतके वाहक.

आता खरी मेख बघा. थंडीत वाहकांच्या ऊर्जेचा पसारा आकसतो. खोलीत बेताची वाटणारी संख्या तिथे गर्दी ठरते. म्हणून थंडीसाठी मीठ कमी लागतं, आणि बरेचदा आमटीही दुसरी लागते.

तशी एक सापडली. २००० साली मर्कुरी कनात्झिदिस यांच्या गटाने सीझियम, बिस्मथ आणि टेल्युरियमचं एक संयुग मांडलं. त्यात सीझियमचे अणू थरांच्या मधे बसतात. अगदी थोडं अँटिमनी आयोडाइड घातल्यावर २२५ केल्विनला, म्हणजे उणे ४८ अंश सेल्सिअसला, त्याचा झेडटी ०.८ च्या आसपास भरला.

मग प्रश्न सुटला का? नाही. कूलरला जोडी लागते, एक एन-प्रकारचा पदार्थ आणि एक पी-प्रकारचा. हे संयुग पी-प्रकारचं. त्याहून खाली, ८० केल्विनच्या आसपास, बिस्मथ-अँटिमनी मिश्रधातू उत्तम चालतो, पण तो एन-प्रकारचा. तिथे त्याच्या तोडीचा पी-प्रकारचा जोडीदार मिळणं अवघड. एकट्या बैलावर गाडी ओढता येत नाही, तसंच हे.