टिपणिसाचं काम

पेशवाईच्या दफ्तरात फडणीस होते, चिटणीस होते आणि टिपणीसही होते. जे घडलं त्याचं टिपण ठेवायचं, एवढं टिपणिसाचं काम. हुद्द्यांची पुढे आडनावं झाली आणि दफ्तरं मोडली, तरी आडनावं राहिली. जब्बार पटेलांच्या ‘सिंहासन’ (1979) मधल्या पत्रकाराचं नाव दिगंबर टिपणीस आहे. अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्या लिहिताना हे आडनाव हुद्द्याचा अर्थ मनात ठेवून निवडलं, असा दावा मला करायचा नाही. पण हे आडनाव कुलाब्याकडचं, महाडच्या सुरबानाना टिपणिसांमुळे तिथल्या राजकारणात गाजलेलं. आणि चित्रपटातला टिपणीस नेमकं टिपण ठेवण्याचंच काम करत नाही. मराठी माणूस गेली चार दशकं ‘सिंहासन’ला पत्रकारिता आणि सत्य यांचा शेवटचा शब्द मानत आला आहे. कुलाबा-रायगडच्या किनाऱ्यावरचा इतिहास शेजारी ठेवला की मात्र या चित्रपटाने सत्तेचं शरीर अचूक ओळखलं आणि वृत्तपत्राचं काम अर्धवट ओळखलं, असं म्हणावं लागतं.

निळू फुले यांचा दिगू सगळीकडे असतो. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंद्यांची (अरुण सरनाईक) खुर्ची डळमळते आहे, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) ती ओढायला बसले आहेत, कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी) आपलं गणित मांडतो आहे, आणि या सगळ्यांच्या दिवाणखान्यांत दिगूला मुक्तद्वार आहे. विजय तेंडुलकरांच्या पटकथेची ताकद या जवळिकीत आहे. बातमीदार सत्तेच्या इतका जवळ गेला आहे की त्याला सगळं कळतं आणि कशाचीच बातमी होत नाही. शेवटी भांडणारे एकत्र येतात, आणि दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. शरद पवार मुख्यमंत्री असताना खऱ्या मंत्रालयात चित्रीकरण झालेला हा चित्रपट. सत्तेने स्वतःची खिल्ली उडवायला स्वतःचे जिने आणि दालनं दिली, हेही त्या काळाचं एक टिपणच आहे. पण दिगू का हसतो? सत्य हाती असून ते निरुपयोगी आहे म्हणून, हे नेहमीचं उत्तर. मला ते अपुरं वाटतं. दिगूच्या हाती सत्य नसतंच. त्याच्या हाती असते माहिती, जी दिवाणखान्यात मिळते आणि दिवाणखान्यातच विरते. आकडा, पावती, तारीख यांतलं काहीही तो गोळा करत नाही. चित्रपटालाही त्याची गरज भासत नाही.

पुढच्या दोनच वर्षांत काय झालं ते पाहू. म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले जून 1980 मध्ये मुख्यमंत्री झाले. श्रीवर्धनचा हा आमदार मुख्यमंत्री होणं ही किनाऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. कुलाबा जिल्ह्याचं ‘रायगड’ हे नामकरणही 1981 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झालं. त्या काळी सिमेंट नियंत्रणात होतं. ज्याला कोटा त्याला सिमेंट, बाकीच्यांनी काळ्या बाजारात जावं, अशी स्थिती. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांना देणग्या गोळा होत होत्या. बिल्डरांच्या कचेऱ्यांत, मंत्रालयाच्या मजल्यांवर या दोन गोष्टींची सांगड किती जणांना ठाऊक असेल, याचा अंदाज बांधायला ‘सिंहासन’ पुरेसा आहे. म्हणजे मुंबईत तेव्हा दिगू अनेक असणार. 31 ऑगस्ट 1981 रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि त्याने वेगळी गोष्ट केली: कुणाची देणगी, किती, आणि त्या कंपनीला सिमेंट कधी मिळालं, हे एकाखाली एक मांडलं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी 12 जानेवारी 1982 रोजी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारीच्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. एका वृत्तपत्राच्या रकान्यांतून मुख्यमंत्री जाणं, ही ‘सिंहासन’च्या जगात न बसणारी घटना आहे, आणि ती चित्रपटगृहांतून तो उतरल्यावर फार काळाने घडलेली नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. शौरींच्या मागे बलाढ्य मालक आणि देशभर पसरलेल्या आवृत्त्या होत्या. दिगूमागे काय होतं? जिल्ह्याच्या बातमीदाराला जाहिरातदार, पुढारी आणि मालक हे तिघे मिळून एकच माणूस असतो. आक्षेप खरा आहे, पण याच किनाऱ्याने त्याचं उत्तर अर्धशतक आधी दिलेलं होतं. अलिबाग तालुक्यातल्या चरी इथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी झालेल्या सभेनंतर पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं, आणि सहा वर्षं ती खरोखर पडीक राहिली. सरपण विकून, मिळेल ती मजुरी करून लोकांनी ते दिवस काढले. संप चालू असतानाच, 1937 मध्ये, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने ‘कृषीवल’ सुरू झालं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. अर्थात ‘कृषीवल’ तटस्थ नव्हतं, तसा त्याचा आवही नव्हता. पुढे ते शेतकरी कामगार पक्षाचं पत्र म्हणून ओळखलं गेलं. पण आपली बाजू छापून ठेवण्यासाठी मालकाची वाट पाहायची नाही, असं ज्यांनी ठरवलं ती कुळं होती, संपादक नव्हेत. दिगूची हतबलता हा मराठी पत्रकारितेचा स्वभावच आहे असं म्हणणाऱ्याने चरीचं काय करायचं, ते सांगावं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो चित्रपटांनीच शिकवलेला आहे. छापून आलेलं सत्यही कुणाचं तरी प्यादं असू शकतं. रमेश शर्मा यांच्या ‘न्यू दिल्ली टाइम्स’ (1986) मध्ये शशी कपूर यांच्या संपादकाला उशिरा उमगतं की ज्या बातमीसाठी त्याने जीव धोक्यात घातला, तिने एका राजकारण्याला दुसऱ्याविरुद्ध हत्यार मिळवून दिलं. शिवाय मतदार. अंतुले पुढे कुलाबा मतदारसंघातून 1989, 1991 आणि 1996 मध्ये लोकसभेवर गेले, 2004 मध्ये पुन्हा गेले, केंद्रात मंत्री झाले. फौजदारी खटला वर्षानुवर्षे रेंगाळला आणि शिक्षा झाली नाही. मग त्या लेखाने, त्या निकालाने काय साधलं? इथे आपण वृत्तपत्राकडे निवडणूक आयोगाचं काम मागतो आहोत. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मतदाराकडे रस्ता, दवाखाना, आपला माणूस अशी स्वतःची कारणं होती. त्याने लेख वाचलाच नाही असं समजणं हा मुंबईकर उद्धटपणा झाला. नोंदीने घडवलं ते दुसरीकडे. आमदार-मंत्र्यांवर खटला भरायला कुणाची मंजुरी लागते, आरोपीचा न्यायासनापुढे कोणता हक्क डावलता येत नाही, यावर 1984 आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात निकाल दिले. 1988 चा तर अंतुल्यांच्या बाजूने गेला. कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात. आरोप करणाऱ्यालाच नव्हे, आरोपीलाही न्याय मागता येतो तो लिहिलेल्या कागदाच्या आधारे. दिवाणखान्यातल्या कुजबुजीला उत्तर देता येत नाही.

तिसरा आक्षेप रसिकांचा: पावत्या आणि तारखांचा चित्रपट कोण बघणार? ॲलन पाकुला यांच्या ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (1976) मध्ये दोन बातमीदार ग्रंथालयात बसून चिठ्ठ्यांचे ढीग उपसतात, आणि प्रेक्षक श्वास रोखून बसतो. शेवट तर निव्वळ टेलिप्रिंटरच्या खडखडाटावर होतो. एवढ्या लांब जायचं नसेल तर रायगडचाच किनारा पुरे. जानेवारी 1993 मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला माल उतरला. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. हुसेन झैदी या गुन्हेवार्ताहराच्या पुस्तकावरून अनुराग कश्यप यांनी ‘ब्लॅक फ्रायडे’ केला, तो जवळपास तपासाच्या कागदांच्या क्रमाने, माणसांची खरी नावं ठेवून. तो कंटाळवाणा आहे असं कुणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. उलट आरोपींनी न्यायालयात धाव घेतली, टाडा न्यायालयाचा निकाल लागायच्या आत हा दाखवला तर आमच्यावर अन्याय होईल म्हणून; आणि न्यायालयाने ते मानलं. 2004 मध्ये तयार असलेला चित्रपट 9 फेब्रुवारी 2007 ला लागला. ‘सिंहासन’ला मंत्रालय उघडं मिळालं होतं. दोन्ही सत्याचे चित्रपट म्हणवले जातात, पण थांबवावासा वाटला तो नावं घेणारा.

शेखाडीचा भाग मला या सगळ्यात कळीचा वाटतो. सीमाशुल्काचे अधिकारी आणि पोलीस पुढे दोषी ठरले, म्हणजे ज्यांनी नोंद करायची त्यांनीच ती न करण्याचे पैसे घेतले होते. चांदीची तस्करी या किनाऱ्याला नवी नव्हती. रात्रीची होडी, वाळूत उतरणारी माणसं, घाटाकडे जाणारे ट्रक हे गुपित नव्हतंच. सगळ्यांना कळलेलं आणि कुठेच न लिहिलेलं, अशा अवस्थेत आरडीएक्स आलं. ‘सिंहासन’मध्ये ही अवस्था दिगूच्या हसण्यापाशी संपते आणि प्रेक्षक शहाणा होऊन घरी जातो.

चरीच्या संपावर किंवा सिमेंटच्या प्रकरणावर ‘सिंहासन’च्या तोडीचा मराठी चित्रपट झालेला नाही. नोंदी मात्र आहेत, आणि त्या आपल्या सोयीने वागत नाहीत. जिल्ह्याचं नाव 1981 मध्ये रायगड झालं, पण लोकसभा मतदारसंघ फेररचनेनंतर, 2009 च्या निवडणुकीपासून रायगड झाला. त्यामुळे ज्यांच्या कारकिर्दीत नामकरण झालं ते अंतुले 2004 मध्ये निवडून आले, तेव्हाही संसदेच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ‘कुलाबा’ असंच लिहिलेलं आहे.